बी-बारा लाल असतं, हे आधी कळायला हवं होतं

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे वाचाच. मैदानीच्या 50 गुणांपैकी 20 एकट्या 1600 मीटरला, आणि माझी गाडी तिथंच अडायची. पहाटे रंकाळ्याला पळून झालं की ज्या जीममध्ये जायचो, तिथला ट्रेनर एकदा म्हणाला, "भावा, बी-बाराचं इंजेक्शन घे. व्हिटॅमिनच हाय, स्टेरॉईड न्हवं."

स्टेरॉईड नाही म्हटल्यावर मी गाफील. आमचे आजोबा तालमीतले, सुईचं नाव काढलं तरी शिव्या घालणारे. पण व्हिटॅमिनला कोण नाही म्हणतं? एका बाटलीचे 1500, अशा सहा घेतल्या. एवढ्या पैशात गंगावेशीच्या कट्ट्यावर किती दूध झालं असतं! पैसे फोनवरून, तेही त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर, आणि शेऱ्यात 'प्रोटीन' लिहायचं. लेबल दरवेळी नखानं खरवडलेलं. "किंमत दिसली की पोरं घासाघीस करत्यात," म्हणे. मला ते पटलंसुद्धा.

पहिला आठवडा हवेत होतो. वेळ खरंच सुधारली. मग रात्र रात्र डोळा लागेना, छाती धडधडायची, सुई चुकली की अंथरुणातून उठवायचं नाही. एका पहाटे ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढं अंधारी आली. दवाखान्यात बीपी निघालं 180/110.

उरलेली बाटली घेऊन ओळखीच्या मेडिकलवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी ती ट्यूबच्या उजेडात धरली. "बाळा, बी-बारा सरबतासारखं लाल असतंय. हे तर निव्वळ पाणी दिसतंय." लेबलाच्या कडेला राहिलेली चार-पाच अक्षरं जुळवून त्यांनी नाव काढलं: मेफेन्टरमिन. भूल दिल्यावर पेशंटचं बीपी पडलं तर ते वर आणायचं औषध. म्हणजे चांगलं असलेलं बीपी मी पैसे मोजून चढवत होतो. थकवा अंगात तसाच राहायचा, मला फक्त जाणवायचा नाही. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि खेळाच्या स्पर्धांत तर बंदीच आहे.

ट्रेनरला जाब विचारला तर सरळ हात वर. "मी प्रोटीन विकलंय. तूच लिवलंयस की."

अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार दिली आहे. पाच रिकाम्या बाटल्या मी आधीच कचऱ्यात टाकल्या होत्या, त्यामुळं हातात एकच. तुमच्याकडं असली बाटली असेल तर लेबल खरवडलेलं असलं तरी टाकू नका, आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेजही पुसू नका.