घरचा मसाला: दुकानांत ठेवावा की थेट गिऱ्हाइकाला द्यावा?

घरी कांदा-लसूण मसाला करून विकणारे बहुतेक जण या पेचात सापडतात. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

दुकानाचे फायदे नाकारत नाही. एका फेरीत दहा-बारा ठिकाणी माल लागतो आणि पाकीट रोज लोकांच्या नजरेसमोर राहतं. गावात आमचं नाव झालं ते दुकानांमुळेच. मार्जिन सोडावं लागतं, डझनामागे एखादं पाकीट स्कीममध्ये दुकानदाराला फुकट जातं, पण ते आधीच किमतीत धरता येतं.

उधारी मात्र धरता येत नाही. मिरचीचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. वर्षाची ब्याडगी आणि संकेश्वरी तेव्हाच भरून ठेवायची आणि मिरचीवाल्याला रोख मोजायचे. नेमके त्याच वेळी आमचे पैसे दुकानांत अडकलेले. दुकानदार म्हणणार, “मागचा माल संपू दे, मग बघू.” एका मार्चमध्ये वसुलीला गेलो, तर दुकानदारानं पैशांऐवजी नऊ पाकिटं पुढ्यात ठेवली. दारात उन्हाला टांगलेली, रंग उतरून विटकरी झालेला, कडेनं तेल सुटलेलं. तेवढी रक्कम बिलातून वजा. त्या वर्षी संकेश्वरी निम्मीच घेता आली, आणि जुन्या गिऱ्हाइकांनी पहिल्याच रश्श्याला ते ओळखलं. मला ते फार लागलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्यानं 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. पण ज्याच्याकडून आपण रोजची साखर आणतो, त्याला नोटीस कशी काढायची?

थेट विक्रीतही त्रास आहे. पाव किलोला कुरिअर परवडत नाही, बरणी वाटेत सांडते, व्हॉट्सअॅपवर रात्री अकरालाही “तिखट कमी करून मिळेल का?” असं विचारतात. पुण्यातल्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी चार दिवस उभं राहायला घरातलं माणूस लागतं. पण जानेवारीतच नेहमीची घरं वर्षाची मागणी सांगतात, निम्मे पैसे आगाऊ देतात, आणि मिरची त्यातूनच येते. मागणीपुरताच मसाला डंखावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटतो, त्यामुळे शिळा माल उरत नाही.

पापड, शेवया विकत असाल तर तुमचं गणित कदाचित वेगळं निघेल. तो माल दुकानात टिकतो. मसाल्याला मी तरी थेट विक्रीच धरीन. दुकानं आम्ही आता दोनच ठेवली आहेत, माल उतरवतानाच पैसे हातात देणारी.