पोर्सेलीन सांगितलं, बसवलं कॉम्पोझिट

गंगापूर रोड भागातल्या एका दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीने वरच्या सहा दातांना व्हिनिअर, म्हणजे दातांच्या समोरच्या बाजूवर चढवायची पातळ आवरणं, करून घेतले. पैसे घेतले पोर्सेलीनचे, म्हणजे सिरॅमिकचे, एका दाताला बारा हजार, आणि दातांवर चढवलं कॉम्पोझिट, म्हणजे दात भरायला वापरतात ते दाताच्या रंगाचं प्लास्टिकसारखं मटेरियल. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगात आहे. पण लग्नसराईच्या तोंडावर नाशिकमधल्या कितीतरी मुली याच विचारात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बहिणीचे दात लहानपणी आजारपणात दिलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे करडे पडले होते. हा रंग दाताच्या आत मुरलेला असतो, क्लिनिंगने जात नाही आणि ब्लीचिंगलाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे व्हिनिअरचा सल्ला चुकीचा नव्हता. पुढचं सगळं चुकीचं होतं.

सकाळी बोलावलं, भूल दिली, मशीनने दात घासून त्यांचा वरचा थर काढला आणि संध्याकाळी पांढरेशुभ्र दात घेऊन ती घरी आली. पोर्सेलीनचं काम असं होत नाही. दात तयार करून माप घेतात, ते लॅबमध्ये जातं, तिथे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं सिरॅमिकचं कवच बनतं आणि ते पुढच्या बैठकीत चिकटवतात. एका दिवसात करून देणारे दवाखानेही आहेत, पण त्यांच्याकडे तोंडात फिरवायचा स्कॅनर आणि सिरॅमिकचा ठोकळा कोरणारं मशीन असतं. इथे डॉक्टरांनी ट्यूबमधलं मटेरियल थेट दातावर लावलं आणि निळ्या लाइटखाली कडक केलं. कॉम्पोझिट वाईट नाही. ते स्वस्त असतं, तुटलं तर दुरुस्त होतं. पण चहा-हळदीचे डाग पोर्सेलीनपेक्षा लवकर धरतं आणि टिकतंही कमी.

काही महिन्यांतच कडा पिवळ्या पडल्या, एका दाताचा कोपरा उडाला आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये (कृत्रिम दात आणि दातांवरची आवरणं बसवण्याच्या शाखेत) एमडीएस ही पदव्युत्तर पदवी असलेल्या बाईंनी, पाहताक्षणी सांगितलं की हे कॉम्पोझिट आहे. हिरडीपाशी जादा मटेरियल तसंच सोडलं होतं. तिथे अन्न अडकतं, दातांच्या फटीत फिरवायचा धागा, म्हणजे फ्लॉस, अडतो आणि हिरडी सुजते.

एवढ्यावर भागलं असतं तर पैसे गेले म्हणून गप्प बसलो असतो. पण दात गरजेपेक्षा खूप जास्त घासले होते. समोरच्या दातावरचं इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं, हिरडीजवळ त्याहूनही पातळ. ते पुन्हा येत नाही. इनॅमल संपून आतलं डेंटिन उघडं पडलं की थंड पाणी झोंबतं, आणि त्यावर व्हिनिअरची पकडही कमी बसते. एका दाताला रूट कॅनल करावं लागलं. चांगल्या दाताला! याचा राग मला अजून आहे.

जाब विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "पोर्सेलीन फिनिश म्हणालो होतो." पावतीवर फक्त ‘कॉस्मेटिक ट्रीटमेंट’. नशीब, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दरपत्रकात ‘पोर्सेलीन व्हिनिअर’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आज आमच्या तक्रारीचा मुख्य आधार तोच आहे.

तेव्हा दात घासायला मशीन हातात घेण्याआधी मटेरियलचं नाव, दातांची संख्या आणि शेड, म्हणजे रंगाची छटा, कागदावर लिहून घ्या. काम झाल्यावर व्हिनिअर बनवणाऱ्या लॅबचं कार्ड मागा. दात घासण्यापूर्वी मॉक-अप, म्हणजे नव्या दातांचा तात्पुरता नमुना, करून तोंडात दाखवता येतो, तो आग्रहाने मागा, कारण पोर्सेलीनचा रंग नंतर ब्लीच करून बदलत नाही. आधीचे फोटो आणि एक्स-रे स्वतःजवळ ठेवा. हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी त्यांचे उपचार. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती लपवू नका, रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड लागतो, नाहीतर उत्तम पोर्सेलीनसुद्धा तडकतं. शंका असेल तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात दाखवून दुसरं मत घ्या.

आणि फसवणूक झालीच असेल तर थांबू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. डॉक्टरांच्या वर्तनाची वेगळी तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करता येते. आम्ही दोन्हीकडे केली आहे.