रीपर ७ आणि फोरके पडदा: सांगली-मिरजेच्या घरगुती स्टुडिओसाठी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेला तंबोरा रेकॉर्ड केला की जवारीचे (तारेच्या झंकाराचे) स्वर ईक्यूत, म्हणजे स्वरपट्ट्यांची पातळी बदलणाऱ्या साधनात, अर्ध्या डेसिबलने खालीवर करावे लागतात. हे काम नजरेचं आणि बोटांचं. ४० पिक्सेलचा नॉब (पडद्यावरची फिरवायची कळ) २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ११ मिलिमीटरचा दिसतो. तोच २७ इंची फोरकेवर (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा पडदा), स्केलिंग, म्हणजे विंडोजमध्ये अक्षरं-चित्रं मोठी करण्याचं प्रमाण, १०० टक्के ठेवलं, तर जेमतेम ६ मिलिमीटर. खालचा आकडा वाचायला मान पुढे काढावी लागते.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा स्वतःचा चेहरा फोरके पडद्यावर उत्तम उतरतो. आवृत्ती ६ पासून मूळ थीममध्ये चित्रांचे १००, १५० आणि २०० टक्क्यांचे वेगळे संच आहेत, त्यामुळे ट्रॅक, मिक्सर, ट्रान्सपोर्ट सगळं रेखीव राहतं. नेटवरून उतरवलेल्या जुन्या थीममध्ये हे संच नसतात, मग तीच चित्रं ताणली जातात आणि कडा फुटतात. आधी मूळ थीमवर तपासा, मगच सॉफ्टवेअरला दोष द्या.

खरी अडचण प्लगिनची, म्हणजे रीपरमध्ये जोडलेल्या ईक्यूसारख्या छोट्या प्रोग्रॅमची. लॅपटॉप १२५ टक्क्यांवर आणि मॉनिटर १०० वर असेल, तर खिडकी इकडून तिकडे ओढताच काही प्लगिन अर्धे कापले जातात, काहींत नॉब दिसतो एकीकडे आणि क्लिक लागतो दुसरीकडे. कारण सरळ आहे. रीपर प्रत्येक पडद्याचं प्रमाण वेगळं ओळखतं, पण त्याच प्रोसेसमध्ये चालणाऱ्या जुन्या प्लगिनला ते कळत नाही. व्हीएसटी ३ या प्लगिनच्या प्रमाणात होस्टने (इथे रीपरने) प्लगिनला स्केल कळवण्याची सोय आहे; व्हीएसटी २ च्या मूळ प्रमाणात ती नव्हती.

ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, जनरल, तिथे अॅडव्हान्स्ड यूआय/सिस्टिम ट्वीक्स उघडा. एचआयडीपीआय मोड (दाट पिक्सेलच्या पडद्यासाठीची सेटिंग) बदलून रीपर बंद करून पुन्हा सुरू करा. दोन पडद्यांचं प्रमाण एकच असेल तर बहुतेक घोळ इथेच मिटतो, म्हणून शक्य असेल तिथे विंडोजमध्ये दोन्हीकडे सारखंच स्केलिंग ठेवावं. ४३ इंची फोरके टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल, तर त्याची घनता इंचाला साधारण १०२ पिक्सेल भरते. तो १०० टक्क्यांवरच चांगला चालतो.

तरीही एखादा प्लगिन अडून बसला, तर एफएक्स यादीत (ट्रॅकवरच्या प्लगिनच्या यादीत) त्यावर राइट क्लिक करून ‘रन अॅज’मध्ये ‘सेपरेट प्रोसेस’ निवडा आणि ‘एम्बेड ब्रिज्ड यूआय’ची खूण काढा. मग रीपरच्या प्लगिन्स फोल्डरमधल्या ‘रीपर_होस्ट६४’ फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटीखाली, हाय डीपीआय ओव्हरराइड ‘सिस्टिम’वर ठेवा. चित्र थोडं धूसर होतं, पण आकार नीट येतो आणि क्लिक जागेवर पडतो. ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’चा फायदा विंडोजच्या जुन्या जीडीआय पद्धतीने रंगवलेल्या प्लगिनलाच होतो, ओपनजीएल या ग्राफिक्स पद्धतीवाल्यांना नाही. ‘डेडिकेटेड प्रोसेस’ दहा-बारा प्लगिनना लावू नका. प्रत्येकाची प्रोसेस वेगळी होते आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप दमतो.

एकाच बिघडलेल्या प्लगिनला बाजूला काढण्याची ही सोय हेच रीपर घेण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण. चाचणीची मुदत ६० दिवस, सवलतीचा परवाना ६० डॉलर. त्या ६० दिवसांत आपले नेहमीचे सगळे प्लगिन दोन्ही पडद्यांवर एकेकदा ओढून बघा, पैसे त्यानंतर भरा.