विद्यार्थी मंत्रिमंडळ, व्यवस्थापन समिती की वर्गसभा?

शाळेच्या निर्णयांत मुलांना सामील करून घ्यायचं हे ठरलं, तरी कोणत्या मार्गाने हे ठरायचं राहतंच. मुख्याध्यापकांच्या हाती साधारण तीन मार्ग असतात.

विद्यार्थी मंत्रिमंडळ सगळ्यांत ओळखीचं. अर्ज, प्रचार, मतदान, मग मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप घेऊन शिक्षक हे फार हौसेने घडवतात आणि निवडणूक कशी होते ते मुलांना कळतं. पण निकालानंतर मंत्र्यांच्या वाट्याला बहुधा परिपाठ, रांगा आणि स्वच्छतेची देखरेख येते. ही शिक्षकांची कामं झाली; निर्णय त्यात कुठेच नाही. मतदानाला फाटा देऊन हुशार मुलांची नेमणूक करणं मला त्याहून चुकीचं वाटतं. महाविद्यालयांत 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमणुका आणल्या, आणि 2016 च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत करावी लागली. ज्याला वर्गाने पाठवलेलं नाही, तो वर्गाचं म्हणणं कोणत्या अधिकाराने मांडणार?

दुसरा मार्ग शाळा व्यवस्थापन समितीचा. खरे निर्णय इथे होतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. महाराष्ट्रात विद्यार्थीही घेतले जातात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदानाचं नियोजन त्यावर बेततात. म्हणजे मुलींच्या स्वच्छतागृहाला दार हवं, पाणी हवं, हे सांगायची योग्य जागा हीच. अडचण वेगळी आहे. सरपंच, गुरुजी, स्वतःचे पालक समोर बसलेले असताना सातवीतली मुलगी पोषण आहाराबद्दल तक्रार करेल का? एकटी असेल तर नाहीच करणार. शिवाय अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्लागार आहे, आणि विनाअनुदानित शाळांना ती बंधनकारकच नाही.

वर्गसभेला ना कायद्याचा आधार, ना थाटमाट. पंधरा दिवसांतून एक तास, सगळे गोल बसलेले, विषय मुलांनी सुचवलेले. बुजरी मुलं इथेच बोलती होतात, विशेषतः आधी चिठ्ठीवर लिहून घेतलं तर. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला. त्याचं 12 वं कलम प्रत्येक मुलाला मत मांडण्याचा हक्क देतं, निवडून आलेल्यालाच नव्हे. त्या कलमाच्या सर्वांत जवळ जाणारा मार्ग मला हाच दिसतो. मात्र सभेतलं म्हणणं पुढे नेणारं कुणी नसेल, तर तिसऱ्या सभेपर्यंत मुलं गप्प होतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची शाळा असेल तर वर्गसभा आणि समिती यांची जोडी लावा. समितीवरच्या विद्यार्थ्यांना वर्गसभेनेच निवडू द्या, त्यांत मुलगी असेलच हे पाहा, आणि बैठकीला त्यांनी स्वतःचं मत नव्हे तर सभेने ठरवलेली यादी घेऊन जावं. पाठीशी यादी असली की धीर येतो. खाजगी शाळेत समिती नसेल, तर मंत्रिमंडळ ठेवा, पण एखादा निर्णय पूर्ण त्याच्या हाती द्या, अगदी पैशांसकट: ग्रंथालयाची यंदाची खरेदी किंवा स्नेहसंमेलनाचा खर्च. तिन्ही मार्गांत एक काम मात्र टाळू नका. मुलांची मागणी इतिवृत्तात नोंदवा, आणि ती नाकारली तर कारण मुख्याध्यापकांनी वर्गात जाऊन सांगावं.