डोलकाठीच्या टोकाला काय बसवाल: वाट्या, वायरलेस की अल्ट्रासॉनिक?

समजा बोट ३० फुटी, डोलकाठी १३ मीटरची ॲल्युमिनियमची, मुक्काम मुंबई बंदरात आणि पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर. विंड सेन्सर, म्हणजे वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारं उपकरण, घेताना आधी अचूकतेचे आकडे पाहिले जातात, पण एवढ्या बोटीला तिन्ही प्रकार पुरून उरतात. अडतं ते दोन ठिकाणी: काठीतून तार जाते का आणि बिघाड झाला की वर कोण चढणार.

तारेचा, वाट्यांचा सेन्सर सगळ्यात जुना. वाट्या वेग मोजतात, पातं दिशा. दोन्ही बहुधा सुटे मिळतात, म्हणून एक वाटी तुटली तर अख्खा सेन्सर टाकावा लागत नाही. बेअरिंगमध्ये मीठ साचलं की पहिला फटका हलक्या वाऱ्याला बसतो: सकाळी मतलई वारा पडत असताना झुळूक गालाला लागते, पण पडद्यावर शून्य. गोड्या पाण्याने धुवा. तेल सोडू नका, त्याला धूळ आणि मीठ आणखी चिकटतं. दुसरा शत्रू म्हणजे पक्षी. पात्यावर घार बसली की ते वाकतं आणि दिशा कायमची काही अंशांनी चुकते.

तरी तारेच्या सेन्सरचे बरेच बिघाड वर नसून काठीच्या बुडाशी, जोडणीत असतात. तांब्यात खारं पाणी चढून तार आतून हिरवी पडते. त्यामुळे कथील चढवलेली तार घ्या आणि जोडणीआधी तार खाली झोळ देऊन मग वर वळवा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. बऱ्याच जुन्या ॲनालॉग सेन्सरमध्ये दिशेसाठी दोन तारा असतात. पातं हाताने हळूहळू पूर्ण फिरवा. एका तारेवरचा व्होल्टेज जागचा हलत नसेल तर बहुधा तीच तुटली आहे. ॲनालॉग सेन्सर सहसा त्याच कंपनीच्या डिस्प्लेशी जुळतो, हे पैसे देण्याआधी तपासा.

एनएमईए २००० (बोटीवरची उपकरणं एका सामाईक तारेवर जोडणारी पद्धत) चा सेन्सर घेतलात तर एक अट हमखास विसरली जाते. या जाळ्यातली फाट्याची, म्हणजे मुख्य तारेपासून उपकरणाकडे जाणारी, तार ६ मीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि तुमची काठीच १३ मीटरची. म्हणून मुख्य तारच वरपर्यंत न्यायची आणि तिचा टर्मिनेटर (मुख्य तारेच्या प्रत्येक टोकाला लागणारा रोधक) डोलकाठीच्या टोकाला बसवायचा. वीज बंद करून दोन्ही डेटा तारांमध्ये मोजा: ६० ओहम आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर, १२० आले तर एकच. पावसाळ्यात काठी उतरवाल तेव्हा बुडाच्या जोडावर तात्पुरता टर्मिनेटर लावा, नाहीतर बोटीवरची बाकीची उपकरणंही अधूनमधून गायब होतील.

वायरलेसमध्ये ही तारेची कटकट संपते आणि बॅटरीची सुरू होते. सौरपट्टी दिवसा चार्ज करते, पण काही महिने सेन्सर अंधाऱ्या खोलीत पडला तर बॅटरी पार उतरते. ठेवण्याआधी पूर्ण चार्ज करा. रिसीव्हर लोखंडी कपाटात किंवा इंजिनशेजारी नको. काठीच्या टोकाकडे मोकळी वाट असलेली जागा शोधा. काठीतली वाट जुन्या दोऱ्यांनी, तारांनी भरलेली असेल, तर हाच पर्याय शहाणपणाचा.

अल्ट्रासॉनिकमध्ये फिरणारं काहीच नाही. ध्वनीला एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला लागणाऱ्या वेळेतल्या फरकावरून वारा कळतो, त्यामुळे मंद झुळूकही सापडते आणि झिजायला काही उरत नाही. मात्र जोरदार पावसात थेंब आणि बोट उभी असताना कोळ्याचं जाळं आकडे भरकटवतात. शिवाय बिघडला तर सुटा भाग नाही. बहुधा अख्खा बदलावा लागतो, आणि तो साधारणतः सगळ्यात महाग.

अशा बोटीला आमची पसंती: काठीत आधीच चांगली तार असेल तर वाट्यांचा, नसेल आणि काठी दरवर्षी उतरत असेल तर वायरलेस. वर चढणं जमत नसेल आणि खिसा परवानगी देत असेल, तरच अल्ट्रासॉनिक.

कोणताही बसवा, तो मोजतो भासमान वारा, म्हणजे चालत्या बोटीवर जाणवणारा. खरा वारा बोटीच्या नाकापासून ४५ अंशांवरून १० नॉट आणि बोट ५ नॉट पळत असेल, तर पडद्यावर सुमारे ३० अंश आणि १४ नॉट दिसतील. खरा वारा हवा तर बोटीच्या वेगाचा सेन्सरही चालू हवा. बसवल्यावर बोटीचं नाक वाऱ्याच्या दिशेला जमेल तितकं जवळ धरून, वारा आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूने घेत चालवा. उजवीकडून ३४ आणि डावीकडून २८ अंश आले, तर फरकाचा निम्मा, म्हणजे ३ अंश, दुरुस्ती भरा. वारा मध्येच फिरतो, तेव्हा तीनदा करून सरासरी घ्या.