द्राक्षबागेची पेड हवामान सर्व्हिस: अंदाज चांगला, पण समुद्राच्या तापमानावरचा व्हिडिओ काढून टाका

निफाड-पिंपळगाव पट्ट्यात बऱ्याच बागायतदारांनी यंदा गोडी छाटणीच्या (फळं धरण्यासाठी पावसाळ्यानंतर करतात ती छाटणी) आधी घेतली तीच ही सर्व्हिस, नाव टाकत नाही. बागेत छोटं वेदर स्टेशन लावून देतात, पान किती वेळ ओलं राहिलं त्यावरून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा अलर्ट येतो आणि दोन-तीन दिवसांचा पावसाचा अंदाज येतो, तो बऱ्यापैकी बरोबर निघतो. पावसाच्या तोंडावर मारलेली फवारणी वाया जायची ते खूप कमी झालं. एवढ्यासाठी पैसे वसूल.

पण मध्ये त्यांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, समुद्र तापतोय हे सगळं खोटं आहे, शास्त्रज्ञ मागचे आकडे बदलून तापमानवाढ दाखवतात, बागायतदारांनी घाबरू नये वगैरे. हे मला अजिबात पटलं नाही.

आकडे दुरुस्त करतात हे खरंय, पण का करतात ते पण सांगा ना भाऊ. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली समुद्रात सोडायचे, ती वर ओढेपर्यंत वाऱ्याने पाणी थोडं गार व्हायचं, म्हणजे रीडिंग कमी यायचं. नंतर इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजायला लागले, ते जरा जास्त यायचं. आता बॉय म्हणजे समुद्रावर तरंगणारी मोजणी यंत्रं आहेत, ती जहाजांपेक्षा साधारण ०.१२ अंश कमी दाखवतात. हे सगळं एका रांगेत जोडायचं तर दुरुस्ती करावीच लागते. आणि व्हिडिओत जे सांगितलंच नाही ते हे, की बादलीच्या दुरुस्तीने जुने आकडे वर जातात, म्हणजे शंभर वर्षांची एकूण वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमीच दिसते. वाढ फुगवायचीच असती तर ही दुरुस्ती केलीच नसती कोणी.

२०१५ साली अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेने असे आकडे सुधारले तेव्हा मोठा वाद झाला होता. २०१७ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी फक्त बॉय, फक्त उपग्रह आणि फक्त आर्गो असं वेगवेगळं तपासलं, नोआचा नवीन कल त्यांच्याशी जुळला. आर्गो म्हणजे समुद्रात सोडलेले सुमारे ४००० रोबो, दर १० दिवसांनी २००० मीटर खोलवर जाऊन मोजमाप घेत वर येतात, आपल्याकडे हैदराबादची इनकॉईस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था हे काम बघते. सुरुवातीला आर्गोच्या आकड्यांत समुद्र गार होतोय असं दिसलं होतं, मग काही यंत्रांच्या दाबाच्या नोंदीत गडबड सापडली आणि ज्यांनी ते छापलं होतं त्यांनीच २००७ मध्ये दुरुस्ती जाहीर केली. मतभेद आहेतच, पण ते किती तापला यावर, तापला की नाही यावर नाही.

आणि सर्व्हिसवाल्यांनो, तुम्ही स्वतः काय केलं? माझं स्टेशन सिमेंटच्या टाकीला चिकटून लावलं होतं, दुपारचं तापमान जास्त दाखवायचं. तुमचाच पोरगा आला, शेजारी दुसरं थर्मामीटर अडकवलं, दोन्हीतला फरक वहीत लिहून घेतला, मागच्या नोंदींना पण तोच ऑफसेट लावला, मग स्टेशन मोकळ्यावर हलवलं. मी त्याला शाबासकीच दिली, फसवणूक नाही म्हटलं.

मला समुद्राचे खरे आकडे का लागतात ते पण सांगतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी वादळ अरबी समुद्रातून वर आलं आणि ऐन द्राक्षाच्या दिवसात नाशकात पाऊस पडला, मणी तडकले, घडकुज झाली. एकटं ओखी बघून हवामान बदल ठरत नाही, पण अरबी समुद्र तापलाय हे मोजलेलं आहे आणि गरम पाण्यावर वादळाला बळ मिळतं. प्लास्टिक कव्हर घालायचं का, विमा घ्यायचा का, छाटणी मागेपुढे करायची का, हे लाखोंचे निर्णय आम्ही यावरच घेतो.

अंदाजाला ५ पैकी ४, सल्ल्याला २. व्हिडिओ ग्रुपवरून काढा, दुरुस्ती टाका आणि लांब पल्ल्याच्या अंदाजाखाली समुद्राचे आकडे कुठून घेतले ते लिहा, एवढं कस्टमर केअरला कळवलंय. ते झालं तर रिन्यू करणार, नाहीतर नुसतं स्टेशन ठेवणार.