१९३० आणि सायबर पोर्टल : आठ महिन्यांचा अनुभव

ऑनलाइन फसवणुकीत मावशीच्या खात्यातून १ लाख ८५ हजार रुपये गेले, त्याला आता आठ महिने होतील. तेव्हापासून अशा फसवणुकीची तक्रार नोंदवायची १९३० ही हेल्पलाइन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल मी तिच्या वतीने वापरतेय.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा ती अजून व्हिडिओ कॉलवरच होती. समोर खाकी वर्दीतला माणूस, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जायचं नाही." असली अटक आपल्या कायद्यात नाहीच, पण दोन तास धमक्या ऐकल्यावर हे कुणाला आठवणार! "मावशी, आधी फोन ठेव," एवढंच म्हणाले आणि माझ्या फोनवरून १९३० लावला.

पलीकडच्या बाईंनी नाव, बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक विचारला. मावशीचा हात इतका थरथरत होता की मेसेज मीच उघडला. दोनदा अंक चुकले, दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे पुन्हा वाचून घेतले. क्रमांक हाताशी असेल तर खूप वेळ वाचतो, हे तेव्हा कळलं. बाकीचे स्क्रीनशॉट पोर्टलवर त्याच रात्री चढवले.

या व्यवस्थेचं खरं बळ कॉलनंतर दिसतं. तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. तिथे शिल्लक असेल तर ती होल्ड होते, म्हणजे कुणालाच काढता येत नाही; पुढे गेली असेल तर तक्रार पुढच्या बँकेच्या मागे लागते. आमचे पैसे भामट्यांनी दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या तीन खात्यांत फिरले. १ लाख १२ हजार अडकवता आले. उरलेले ७३ हजार तोवर एटीएममधून काढून झाले होते. म्हणून सांगते, आधी पोलीस ठाण्यात जाऊ, मग बघू, असं करू नका. आधी १९३०.

पण होल्ड झाले म्हणजे परत मिळाले, असं नाही. अडकलेली रक्कम सोडवायला आम्हाला न्यायालयात अर्ज करावा लागला (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५०३), आणि त्यासाठी पोलिसांचा अहवाल लागला. इथे आमचे तीन महिने गेले. बँकेची शाखा म्हणे पोलिसांना विचारा, पोलीस ठाणं म्हणे बँकेचं पत्र आणा. ऑनलाइन तक्रार काही मिनिटांत बँकांपर्यंत पोचते आणि कागद मात्र आपणच पिशवीत घालून फिरवायचे, याचा मला अजूनही राग येतो. मावशी ६८ वर्षांची आहे. ती एकटी असती तर दुसऱ्या हेलपाट्यालाच तिने नाद सोडला असता.

आणि तक्रारीनंतर तिसऱ्या आठवड्यात आणखी एक फोन. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्यांना असे लोक पुन्हा गाठतात. हे तक्रार नोंदवतानाच प्रत्येकाला बजावून सांगायला हवं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी रुळावर आली ती आमची तक्रार एका महिला पोलीस अंमलदाराकडे गेल्यावर. त्यांनी वहीत पुढच्या फोनची तारीख लिहून घेतली आणि त्या तारखेला खरंच फोन केला. अहवाल त्यांनीच पाठवला. पहिल्याच फोनवर विचारलं, "मावशी जेवतात का नीट?" मावशी जेवत नव्हती. मी शिकलेली असून कशी फसले, हेच दिवसभर घोकत बसायची. घरातले आम्ही सगळे पैशांचं बघत होतो, तिच्याकडे पहिलं लक्ष त्या बाईंचं गेलं. पीडिताला असा एक माणूस आणि त्याचा एक थेट नंबर पहिल्या दिवसापासून मिळाला पाहिजे.

१ लाख १२ हजार गेल्या महिन्यात खात्यात जमा झाले. ७३ हजारांचा तपास चालू आहे. तक्रारीचा पावती क्रमांक मावशीने देवघराच्या कप्प्यात ठेवलाय, आणि दर पंधरवड्याला पोर्टलवरची स्थिती आता ती स्वतः बघते.